अनुनासिकाचे लेखन आणि भाषेचे जगणे : म्बिआ ग्वारानी भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचा इतिहास

प्रस्तावना

इ. स. १६३९ मध्ये माद्रिद येथे जेजुइट धर्मगुरू अंतोनिओ रुइझ दे माँतोया (१५८५–१६५२) यांचा ‘तेसोरो दे ला लेंग्वा ग्वारानी’ हा ग्वारानी-स्पॅनिश कोश छापला गेला. पुढच्याच वर्षी, १६४० मध्ये, त्यांचे ग्वारानी व्याकरण आणि स्पॅनिश-ग्वारानी शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. याच १६४० साली गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण मुद्रित झाले. त्या वेळी स्टीफन्स यांच्या निधनाला २१ वर्षे लोटली होती. मराठी वाचक त्यांना ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ओळखतात. दोन्ही व्याकरणकार एकाच धर्मसंघाचे होते आणि दोघांपुढे आदर्श होता तो लॅटिन व्याकरणाचा. ज्या भाषांचे त्यांनी वर्णन केले त्या दोन्ही भाषांत अनुनासिक स्वरांना अर्थभेदक स्थान होते. रोमन लिपीत हे स्वर कसे लिहावेत, हा प्रश्न मांडवी-जुवारीच्या खोऱ्यात आणि पाराना नदीच्या खोऱ्यात एकाच काळात उभा राहिला होता.

माँतोया यांच्या ग्रंथांमुळे ग्वारानी ही दक्षिण अमेरिकेतील उत्तम नोंद झालेल्या भाषांपैकी एक ठरली. आज पॅराग्वेमध्ये ग्वारानी ही राजभाषा असून ती बोलणाऱ्यांची संख्या लक्षावधी आहे आणि त्यांतील बहुसंख्य लोक स्वतःला आदिवासी मानीत नाहीत. परंतु ज्या अरण्यवासी समाजांनी ग्वारानीची जुनी रूपे, श्रद्धा आणि मौखिक परंपरा टिकवली, त्या समाजांच्या भाषा मात्र दुर्बल होत गेल्या आहेत. म्बिआ ही त्यांपैकी एक प्रमुख भाषा होय. एका भाषासमूहाचा चार शतकांचा लिखित वारसा असूनही त्याच समूहातील मूळ समाजांच्या भाषा धोक्यात का याव्यात, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी येथे म्बिआची ध्वनिव्यवस्था, तिच्या लेखनाचा इतिहास आणि त्या लेखनामागील सत्तासंबंध यांचा एकत्रित विचार केला आहे.

देवनागरी लेखनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ग्वारानी शब्द लिहिताना अनुनासिक स्वरासाठी चंद्रबिंदू आणि कंठद्वारीय स्पर्शासाठी (’) ही खूण वापरली आहे. ग्वारानीतील सहाव्या स्वराला देवनागरीत चिन्ह नसल्याने तो ‘इ’ किंवा ‘ई’ने सुचवला आहे.

ग्वारानी भाषासमूह आणि म्बिआ समाज

ग्वारानी हा तुपी-ग्वारानी भाषाकुलाचा एक गट आहे. या कुलात सुमारे ४० भाषा येतात आणि त्यांचा विस्तार अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यापासून रिओ दे ला प्लाताच्या प्रदेशापर्यंत झालेला आहे. ब्राझीलचे भाषाशास्त्रज्ञ आर्यों दाल्लिन्या रॉड्रिग्ज (१९२५–२०१४) यांनी या कुलाचे जे आठ उपगट मांडले, त्यांतील पहिला उपगट ग्वारानीचा. म्बिआ, न्यान्देवा, काइओवा, पॅराग्वेयन ग्वारानी, आचे, शेता, तापिएते आणि बोलिव्हियातील चिरिग्वानो या भाषा किंवा बोली त्यात येतात. यांतील काही रूपे परस्परांना बरीच समजतात, तर आचेसारखी भाषा पुष्कळ दूर गेली आहे.

म्बिआ समाज पूर्व पॅराग्वे, अर्जेंटिनातील मिसिओनेस प्रांत, आणि ब्राझीलमध्ये रिओ ग्रांदे दो सुलपासून एस्पिरितो सांतोपर्यंतच्या दक्षिण व आग्नेय राज्यांत विखुरलेला आहे. तीन राष्ट्रांच्या सीमा त्याच्या वस्त्यांमधून जातात. चार देशांतील सर्व ग्वारानी आदिवासींची एकूण संख्या २०१६ च्या ‘ग्वारानी खंडीय नकाशा’नुसार २,८०,००० हून अधिक होती. म्बिआ हा त्यातील एक भाग होय.

म्बिआ जीवनदृष्टीत भाषेचे स्थान केंद्रवर्ती आहे. ‘ञे’एँ’ या शब्दाचा पॅराग्वेयन ग्वारानीत अर्थ ‘बोलणे, वाणी’ असा होतो. म्बिआत त्याच शब्दाने मनुष्याचा आत्मा सूचित होतो. मूल जन्माला येते तेव्हा एक वाणी देह धारण करते, अशी श्रद्धा आहे. मुलाचे नाव आईवडील ठरवीत नाहीत. धर्मप्रमुख ते नाव जाणून घेतो आणि ‘ञेमोङ्गाराई’ या विधीत ते प्रकट करतो. साहजिकच अशा समाजात शब्दाचा उच्चार हा धर्माचरणाचाच भाग असतो. भाषा गमावणे म्हणजे त्या समाजाच्या दृष्टीने काय, हे यावरून लक्षात यावे.

ध्वनिव्यवस्थेची वैशिष्ट्ये

म्बिआत सहा मौखिक स्वर आहेत: आ, ए, इ, ओ, उ आणि सहावा एक मध्य-संवृत स्वर. जीभ ‘उ’ आणि ‘इ’ यांच्या दरम्यान वर उचलून ओठ न गोलावता हा सहावा स्वर उच्चारला जातो. रोमन लिपीत तो वाय या अक्षराने लिहितात. ‘पाणी’ या अर्थाचा शब्द म्हणजे हा एकच स्वर होय. इग्वासू या प्रसिद्ध धबधब्याच्या नावात हाच स्वर आरंभी असून त्या नावाचा अर्थ ‘मोठे पाणी’ असा आहे. या सहाही स्वरांची अनुनासिक रूपे आहेत आणि त्यांमुळे अर्थ बदलतो. पॅराग्वेयन ग्वारानीत ‘तुपा’ म्हणजे पलंग आणि ‘तुपाँ’ म्हणजे देव; ‘ओके’ म्हणजे तो झोपतो आणि ‘ओकेँ’ म्हणजे दार.

व्यंजनांत प, त, क हे अघोष स्पर्श आहेत आणि स्वरांच्या मधे येणारा कंठद्वारीय स्पर्शही आहे. ‘सो’ओ’ (मांस), ‘का’आ’ (वनस्पती, विशेषतः येर्बा माते) यांसारख्या शब्दांत तो ऐकू येतो. शुद्ध ‘ब’ आणि ‘द’ नाहीत. त्यांच्या जागी ‘म्ब’ आणि ‘न्द’ असे नासिक्यपूर्व घोष ध्वनी येतात. मराठीत ‘म’ आणि ‘ब’ ही दोन स्वतंत्र व्यंजने आहेत. ग्वारानीत ‘म’ आणि ‘म्ब’ ही एकाच व्यंजनाची दोन रूपे होत: पुढे मौखिक स्वर आल्यास ‘म्ब’ आणि अनुनासिक स्वर आल्यास ‘म’. ‘न’ आणि ‘न्द’ यांचा संबंधही तसाच आहे. ‘म्बिआ’ या नावात हे नासिक्यपूर्व व्यंजन आहे आणि सहावा स्वरही आहे. हे दोन्ही ध्वनी स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांना अपरिचित असल्याने या समाजाचे नाव उच्चारतानाच परक्याची जीभ अडखळते.

अक्षररचना साधी आहे. अक्षर स्वरान्त असते, व्यंजनसंयोग नसतात आणि आघात बहुधा अंत्य अक्षरावर पडतो. परभाषेतून आलेले जुने शब्द या साच्यात कसे बसवले गेले ते पाहण्याजोगे आहे. स्पॅनिशमधील क्रुसाचा वाचक शब्द ‘क्रुस’ ग्वारानीत ‘कुरुसु’ झाला आणि घोड्याचा ‘काबाल्यो’ हा ‘कावाजु’ झाला. पहिल्या शब्दात जोडाक्षर सुटून अंती स्वर आला. दुसऱ्यात परके व्यंजन बदलले. दोन्हींत आघात शेवटी सरकला.

तथापि या व्यवस्थेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे अनुनासिक संवाद. पाणिनीने मुख आणि नासिका या दोहोंतून उच्चारला जाणारा वर्ण तो अनुनासिक, अशी व्याख्या केली. तेथे अनुनासिकत्व हा एका वर्णाचा धर्म आहे. ग्वारानीत मात्र तो बहुतांशी संपूर्ण शब्दाचा धर्म होतो. आघातयुक्त स्वर अनुनासिक असला की त्याचे नासिक्य मागील अक्षरांकडे पसरत जाते, वाटेतील स्वर अनुनासिक होतात आणि ‘म्ब’, ‘न्द’ यांची ‘म’, ‘न’ ही रूपे येतात. प, त, क हे अघोष स्पर्श स्वतः बदलत नाहीत, परंतु नासिक्याला अडवीतही नाहीत.

उपसर्गही यातून सुटत नाहीत. मराठीप्रमाणे ग्वारानीतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद आहे. ऐकणाऱ्यासह असलेल्यांसाठी ‘ञान्दे’ आणि ऐकणाऱ्याला वगळून ‘ओरे’. स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांत तो नसल्याने तेथील अभ्यासकांना जो भेद समजून घ्यावा लागतो, तो मराठी वाचकाला सहज कळतो. यातील ‘आपण’वाचक क्रियोपसर्ग मौखिक शब्दापूर्वी ‘जा-’ असतो आणि अनुनासिक शब्दापूर्वी ‘ञा-’ होतो: ‘जाजापो’ म्हणजे आपण करतो, ‘ञाञे’एँ’ म्हणजे आपण बोलतो. प्रयोजक उपसर्ग ‘म्बो-’ हा अनुनासिक शब्दापूर्वी ‘मो-’ होतो. ‘ग्वाता’ (चालणे) यापासून ‘म्बोग्वाता’ (चालवणे) आणि ‘ञे’एँ’ (बोलणे) यापासून ‘मोञे’एँ’. या शेवटच्या शब्दाचा आजच्या पॅराग्वेयन ग्वारानीतील अर्थ ‘वाचणे’ असा आहे. त्याचा घटकार्थ ‘बोलते करणे’. उदाहरणे पॅराग्वेयन रूपाची असली, तरी ‘जा-’ व ‘ञा-’, ‘म्बो-’ व ‘मो-’ या जोड्यांमागील तत्त्व म्बिआतही तसेच आहे.

येथे लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब उद्भवते. प्रचलित लेखनात ‘ञे’एँ’ या शब्दावर अनुनासिकाची खूण केवळ अंत्य स्वरावर केली जाते. उच्चारात मात्र पहिला ‘ए’ही अनुनासिकच असतो. खूण एका जागी आणि नाद सर्वत्र, अशी ही योजना आहे. ज्याच्या कानात भाषा आहे त्याला एवढी खूण पुरते. ज्याच्या कानात ती नाही, तो शब्द अक्षरशः वाचतो आणि चुकतो. म्हणजेच हे लेखन पूर्ण होण्यासाठी बोलणाऱ्या समाजाचा कान गृहीत धरलेला आहे.

मिशनकाळातील लेखन (१६०९–१७६८)

ग्वारानीच्या लेखनाची सुरुवात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी केली. लुइस दे बोलान्योस यांनी केलेल्या प्रश्नोत्तरीच्या ग्वारानी अनुवादाला असुन्सिऑनच्या १६०३ च्या धर्मसभेने मान्यता दिली. १६०९ पासून जेजुइटांनी ‘रेदुक्सिओन’ म्हणजे ग्वारानींच्या संघटित वसाहती स्थापन करण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांची संख्या ३० झाली आणि १७३२ मध्ये त्यांत सुमारे १,४१,००० लोक राहत होते.

माँतोया यांनी भाषा शिकली ती ग्वाइरा प्रांतात, म्हणजे आजच्या ब्राझीलमधील पाराना राज्यात. साव पाउलोहून येणाऱ्या गुलामशिकाऱ्यांच्या टोळ्यांनी १६२८ नंतर तेथील वसाहती उद्ध्वस्त केल्या. १६३१ मध्ये माँतोया यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १२,००० ग्वारानी नद्यांच्या मार्गाने दक्षिणेकडे स्थलांतरित झाले. पुढे ते माद्रिदला गेले, ते ग्वारानींना स्वसंरक्षणासाठी बंदुका बाळगण्याची परवानगी राजाकडून मिळवण्यासाठी. कोश आणि व्याकरण छापले गेले ते याच मुक्कामात. १६४१ मध्ये म्बोरोरे येथील लढाईत ग्वारानी सैन्याने गुलामशिकाऱ्यांचा पराभव केला. भाषेचा कोश आणि भाषकांचे रक्षण ही दोन कार्ये या काळात परस्परांशी जोडलेली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

माँतोया यांनी नाकातून आणि घशातून होणाऱ्या उच्चारांची स्पष्ट दखल घेतली आणि त्यांसाठी स्वरांवर वेगवेगळ्या खुणा योजल्या. कंठद्वारीय स्पर्शाला मात्र त्यांच्या लेखनात स्वतंत्र अक्षर मिळाले नाही. लागोपाठचे दोन स्वर लिहून तो सुचवला गेला. तरीही त्यांचे श्रवण किती सूक्ष्म होते, हे त्या काळच्या अन्य लेखनाशी तुलना केल्यास कळते. १५७६ मध्ये पेरो दे मागाल्यायंस गांदावो या पोर्तुगीज लेखकाने ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी भाषेत फ, ल आणि र ही अक्षरे नाहीत, म्हणून तिच्या भाषकांना श्रद्धा, कायदा आणि राजा नाही, असा तर्क मांडला होता. पोर्तुगीजमध्ये या तीन शब्दांची आद्याक्षरे तीच आहेत. ध्वनींची यादी हे तिरस्काराचे साधन कसे होऊ शकते, याचे हे उदाहरण होय. त्या पार्श्वभूमीवर भगिनी भाषेतील ध्वनी जसेच्या तसे टिपण्याचा माँतोया यांचा प्रयत्न उठून दिसतो.

लेखन जेजुइटांपुरते मर्यादित राहिले नाही. इ. स. १७०० च्या सुमारास वसाहतींमध्ये छापखाना सुरू झाला. सांता मारिया येथील ग्वारानी मुखिया निकोलास यापुग्वाय यांची धार्मिक गद्याची पुस्तके १७२४ आणि १७२७ मध्ये तेथे छापली गेली. १७५० च्या माद्रिद तहानुसार सात वसाहती पोर्तुगालला देण्याचे ठरले, तेव्हा १७५३ मध्ये त्या गावांच्या ग्वारानी पंचायतींनी ब्वेनोस आइरेसच्या राज्यपालाला स्वभाषेत पत्रे लिहून आपली भूमी सोडण्यास नकार दिला. ग्वारानी भाषेला राजकीय लेखनाचे सामर्थ्य आले होते, याचा हा लेखी पुरावा आहे. पुढील युद्धात (१७५४–१७५६) ग्वारानींचा पराभव झाला आणि १७६७ च्या राजाज्ञेनुसार १७६८ मध्ये जेजुइटांना वसाहतींतून हद्दपार करण्यात आले.

अरण्यातील भाषा आणि भूमी

हा लिखित इतिहास वसाहतींतील ग्वारानींचा आहे. म्बिआंचे पूर्वज मुख्यतः त्या बाहेर, अरण्यात राहिले. वसाहती कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘अरण्यवासी’ अशा अर्थाच्या नावांनी येतो. त्यांच्या भाषेला व्याकरणकार मिळाला नाही, छापखानाही मिळाला नाही. परंतु तिला अरण्याचे संरक्षण मिळाले. मिशनच्या धर्मभाषेने जुन्या शब्दांना नवे ख्रिस्ती अर्थ दिले, तसे येथे मोठ्या प्रमाणात घडले नाही.

हे संरक्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपुष्टात येऊ लागले. १८४८ मध्ये कार्लोस अंतोनिओ लोपेझ यांच्या सरकारने पॅराग्वेतील आदिवासी गावांचा सामुदायिक दर्जा रद्द केला. १८६४–१८७० च्या विनाशकारी युद्धानंतर रिकामा झालेला राजकोश भरण्यासाठी १८८० च्या दशकात सरकारी जमिनी विकल्या गेल्या. येर्बा माते गोळा करणाऱ्या कंपन्यांच्या ताब्यात विस्तीर्ण अरण्ये गेली. ज्या वनस्पतीचे ‘का’आ’ हे नाव म्बिआ भाषेतील होते, ती वनस्पती कंपन्यांसाठी तोडण्याचे काम आता म्बिआ आणि अन्य ग्वारानी मजुरांच्या वाट्याला आले.

भूमी आणि शब्द यांचा संबंध एका प्रसिद्ध संकल्पनेच्या इतिहासातही दिसतो. ‘दुःखरहित भूमी’च्या शोधात ग्वारानी पूर्वेकडे समुद्राच्या दिशेने निघतात, ही कल्पना अभ्यासकांत रूढ झाली ती कुर्त निमुएंदाजू (१८८३–१९४५) यांच्या १९१४ च्या लेखनामुळे. मूळचे जर्मन असलेल्या या अभ्यासकाला ‘निमुएंदाजू’ हे नाव आपापोकुवा-ग्वारानींनीच दिले होते. जेजुइट मानववंशशास्त्रज्ञ बार्तोमेउ मेलिया (१९३२–२०१९) यांनी पुढे दाखवून दिले, की माँतोया यांच्या कोशात याच शब्दसंहतीचा अर्थ ‘न वापरलेली, अस्पर्श जमीन’ असा दिला आहे. अरण्य विपुल होते तेव्हा जो शब्द शेतीयोग्य कोऱ्या जमिनीचा वाचक होता, तोच पुढे मुक्तीच्या आकांक्षेचा वाचक झालेला दिसतो.

विसाव्या शतकातील श्रवण : कादोगान ते गोल्डस्मिथ

म्बिआच्या वाणीची पहिली समर्थ नोंद केली ती लेऑन कादोगान (१८९९–१९७३) यांनी. पॅराग्वेतील ऑस्ट्रेलियन स्थलांतरितांच्या कुटुंबात जन्मलेल्या कादोगान यांना विद्यापीठीय शिक्षण नव्हते. ग्वाइरा प्रदेशातील म्बिआंच्या बाजूने दीर्घकाळ उभे राहिल्यानंतर त्या समाजाने आपली गुप्त धार्मिक वचने त्यांना ऐकवली. ती ‘आयवू रापीता’ या नावाने १९५९ मध्ये साव पाउलो विद्यापीठाने प्रसिद्ध केली. या शीर्षकाचा अर्थ ‘मानवी वाणीचा पाया’. म्बिआ कथेत आदिदेव पृथ्वी निर्माण करण्यापूर्वी वाणी निर्माण करतो. साडेतीन शतके मिशनरी आणि अधिकारी यांच्या निकट वावरूनही म्बिआंनी ही वचने बाहेर जाऊ दिली नव्हती. नोंद होऊ न देणे, हाही भाषेच्या रक्षणाचा एक मार्ग होता, असा याचा अर्थ लावता येतो.

१९७० च्या दशकात रॉबर्ट डूली यांनी पाराना राज्यातील रिओ दास कोब्रास येथे म्बिआचा अभ्यास सुरू केला आणि त्यातून तिचा शब्दकोश व व्याकरणविषयक लेखन सिद्ध झाले. ग्रेगोरेस आणि सुआरेझ यांचे पॅराग्वेयन बोलभाषेचे वर्णन १९६७ मध्ये आले होते. अनुनासिक संवादामुळे ग्वारानीला सैद्धांतिक ध्वनिविचारातही स्थान मिळाले. १९७६ मध्ये जॉन गोल्डस्मिथ यांनी आपल्या प्रबंधात काही ध्वनिगुण एकेका वर्णाला बांधलेले नसून स्वतंत्र स्तरावर राहतात, असा सिद्धांत मांडला, त्यासाठी वापरलेल्या उदाहरणांत ग्वारानी नासिक्याचा समावेश होता. अरण्यातील एका भाषासमूहाने आधुनिक भाषाविज्ञानाची वर्णविषयक समजूत बदलण्यास हातभार लावला, असे म्हणता येईल.

वर्णमालेचे राजकारण

१९५० मध्ये माँटेव्हिडिओ येथे भरलेल्या परिषदेने ग्वारानीसाठी एकसूत्री लेखनपद्धती मांडली. तिच्या पायावर पॅराग्वेतील आजची ३३ अक्षरांची वर्णमाला उभी आहे. तीत अनुनासिक स्वरांना आणि कंठद्वारीय स्पर्शाला स्वतंत्र चिन्हे आहेत. माँतोया यांच्या लेखनात राहिलेली उणीव येथे भरून निघाली. परंतु म्बिआंचे लेखन एकच राहिले नाही. पॅराग्वेत स्पॅनिशच्या वळणाने, तर ब्राझीलमध्ये पोर्तुगीजच्या वळणाने ते घडले. ‘ञ’ हा ध्वनी पॅराग्वेत एन अक्षरावर नागमोडी रेघ देऊन लिहितात. ब्राझीलमध्ये एन आणि एच ही दोन अक्षरे जोडून. ‘मी’ या अर्थाचा ‘चे’ हा शब्द एकीकडे सी-एचने आणि दुसरीकडे एक्सने सुरू होतो. सीमेच्या दोन बाजूंना राहणारे नातेवाईक एकच वाक्य बोलतात आणि दोन प्रकारे लिहितात.

त्याहून गंभीर बाब कायद्याच्या भाषेत आहे. पॅराग्वेच्या १९९२ च्या राज्यघटनेतील १४० व्या कलमाने स्पॅनिश आणि ग्वारानी यांना राजभाषा केले. त्याच कलमात आदिवासी भाषा या राष्ट्राच्या सांस्कृतिक वारशाचा भाग आहेत, असे म्हटले आहे. परिणामी ‘ग्वारानी’ राजभाषा ठरली आणि म्बिआ, आवा, पाई ताविटेराँ, आचे या ग्वारानी समूहातीलच भाषा ‘वारसा’ ठरल्या. शाळेत येणारे पाठ्यपुस्तक आणि शिक्षक बहुधा राजभाषेतील ग्वारानीचे असल्याने म्बिआ मुलाला आपली भाषा ही ‘चुकीची ग्वारानी’ वाटू लागण्याचा धोका निर्माण होतो. दूरच्या भाषेपेक्षा जवळची प्रतिष्ठित भाषा अधिक सहजपणे लहान भाषेला गिळते. कारण तेथे भाषांतर झाल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. प्रमाण मराठी आणि तिच्या बोली यांच्या संबंधांचा अनुभव असलेल्या वाचकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये.

दोन्ही देशांत कायदेशीर प्रगती झाली हेही नमूद केले पाहिजे. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा आणि परंपरागत भूमीचा हक्क दिला. पॅराग्वेत २००७ मध्ये आदिवासी शिक्षणाचा आणि २०१० मध्ये भाषांविषयीचा कायदा झाला. मात्र भूमीच्या प्रश्नावर घटनेची अंमलबजावणी मंद राहिली. साव पाउलो शहरालगतच्या जारागुआ येथील ग्वारानी वस्तीला १९८७ मध्ये जी भूमी निश्चित करून मिळाली, तिचे क्षेत्र दोन हेक्टरही नव्हते. म्बिआ भाषेत वस्तीला ‘तेकोआ’ म्हणतात, म्हणजे जेथे ‘तेको’ अर्थात आपली जीवनरीत चालवता येते ते स्थान. ज्या जागेत शेत, झरा आणि प्रार्थनागृह मावत नाही तिला हा शब्द लावणे म्बिआंनाही कठीण जाते.

शेता : एक इशारा

भाषेची नोंद आणि भाषेचे जगणे यांतील अंतर शेता समाजाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. पाराना राज्याच्या वायव्येस, सेर्रा दोस दोरादोस येथील अरण्यात राहणाऱ्या या लहान समाजाशी १९५० च्या दशकाच्या मध्यास बाह्य जगाचा संपर्क आला. कॉफीच्या लागवडीसाठी ते अरण्य त्याच सुमारास वेगाने तोडले जात होते. पाराना विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या जीवनाची नोंद केली, चित्रपट घेतले. रॉड्रिग्ज यांनी भाषेचा अभ्यास करून ती ग्वारानी गटातील असल्याचे दाखवले. पण काही वर्षांतच रोगराई, विस्थापन आणि मुलांना कुटुंबांपासून दूर नेणे यांमुळे समाज विखुरला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक वाचले, तेही एकमेकांपासून दूर. शब्दांच्या याद्या उरल्या. ज्याच्याशी बोलायचे तो उरला नाही.

मराठीच्या लेखनेतिहासात याची उलट बाजू आढळते. जुन्या मराठी लेखनात ‘नांव’, ‘गांव’, ‘कां’ यांसारख्या शब्दांवर अनुस्वार दिला जात असे. शिष्ट उच्चारातून ते नासिक्य बरेच आधी नाहीसे झाले होते; चिन्ह मात्र मागे राहिले होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार वगळले. कोकणी आणि कोकणातील काही बोलींत ते नाद अजून ऐकू येतात. खूण ध्वनीला टिकवीत नाही, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते. मराठीत नाद गेला तरी भाषा राहिली, कारण बोलणारा समाज अखंड होता. शेताच्या बाबतीत समाजच उरला नाही.

निष्कर्ष

१. म्बिआ ग्वारानीतील अनुनासिकत्व बहुतांशी संपूर्ण शब्दाचा धर्म आहे. लेखनात ते एका खुणेने सुचवले जाते आणि उरलेले काम वाचकाच्या कानावर सोपवले जाते. म्हणून हे लेखन जिवंत भाषकसमाजाशिवाय अपुरे आहे.

२. माँतोया यांच्यापासून डूली यांच्यापर्यंतच्या नोंदींचे मोल मोठे आहे. तथापि भाषा टिकली ती प्रामुख्याने अरण्य, तेकोआ आणि नामकरणासारखे विधी टिकले तेथे.

३. ‘ग्वारानी’ या एका नावाने राजभाषेला मिळालेले संरक्षण म्बिआपर्यंत आपोआप पोहोचलेले नाही. समूहातील प्रबळ रूपाची प्रतिष्ठा ही दुर्बल रूपांच्या सुरक्षिततेची हमी ठरत नाही.

४. तीन राष्ट्रांतील भिन्न लेखनपद्धतींमुळे एकच बोलणारा समाज वाचनात विभागला गेला आहे. त्यावरील निर्णय त्या समाजाच्या सहभागाशिवाय होणे इष्ट नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचे आंतरराष्ट्रीय दशक घोषित केले आहे. कोश, ध्वनिमुद्रणे आणि वर्णमाला यांची भर या दशकात पडेल आणि ती स्वागतार्ह आहे. ग्वारानीत ‘वाचणे’ या क्रियेला ‘बोलते करणे’ म्हणतात. पान बोलते करण्यासाठी आधी बोलणारे मूल लागते आणि त्या मुलाला उभे राहण्यासाठी भूमी लागते, हा म्बिआ भाषेच्या चार शतकांच्या इतिहासाचा निर्वाळा आहे.